राज्यकारभाराची कसोटी आणि महात्मा जोतीराव फुले

वेल्हे तालुक्याच्या उत्तर अंगाला पडणारा पाऊस आंबी नदीने पानशेतच्या जलाशयात येतो आणि तेथून पुढे खडकवासल्याला पोहोचतो. विद्यार्थ्यांना घेऊन त्या वाटेने जाण्याचा योग आला की खडकवासल्याच्या भिंतीपाशी आम्ही त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. एकोणिसाव्या शतकात या जागी धरण बांधले गेले, त्या कामाला साहित्य पुरवणाऱ्यांमध्ये कोण होते? मुले एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतात. महात्मा जोतीराव फुले हे उत्तर फार क्वचित येते.

मुलींची आणि अस्पृश्यांची शाळा काढणारे, सत्यशोधक समाजाची स्थापना करणारे, प्रज्ञासूर्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भगवान बुद्ध आणि संत कबीर यांच्यासह ज्यांना गुरुस्थानी मानले ते क्रांतिबा म्हणून आपण जोतीरावांना वंदन करतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे. सरकारी कामांचे ठेकेदार म्हणून त्यांनी बांधकाम खाते जवळून पाहिले. पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून त्यांनी सार्वजनिक पैसा कसा खर्च होतो ते पाहिले. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून महसूल, न्यायालय, जंगल आणि पाटबंधारे या खात्यांचे दरवाजे पाहिले. सरकार चांगले केव्हा म्हणावे आणि ते नासते कशामुळे, या प्रश्नाचा त्यांच्याइतका सलग विचार त्या काळात फार थोड्यांनी केला.

हाच प्रश्न गेल्या काही दशकांत जगभरचे अभ्यासक विचारीत आहेत. त्यांनी भ्रष्टाचाराचे निरनिराळे सिद्धान्त मांडले आहेत. हे सिद्धान्त केवळ पुस्तकात ठेवण्यापेक्षा ते एखाद्या प्रत्यक्ष जीवनाला लावून पाहावेत, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात जोतीरावांचे चरित्र सांगत आहोत. सातबाऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्या पालकांना हा विषय परका वाटणार नाही.

कुलकर्ण्याची वही

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. आईचे छत्र लहानपणीच हरपले. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांचे पणजोबा कटगुणला चौगुल्याचे काम करीत. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर झाले, त्यात कुलकर्ण्याचा जीव गेला आणि घराण्याला गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडीला यावे लागले, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. पुढे आजोबा शेटिबा पुण्यास आले. त्यांच्या मुलांनी फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवली, त्याबद्दल त्यांना ३५ एकर इनाम जमीन मिळाली आणि फुले हे आडनाव पडले. ती जमीनही पुढे थोरल्या भावाने आपल्याकडे घेतली आणि गोविंदरावांनी फुलांच्या व भाजीच्या धंद्यावर संसार चालवला.

कटगुणच्या या वैराचे मूळ समजून घेण्यासाठी कुलकर्ण्याचे पद समजून घ्यावे लागेल. गावाचे दप्तर त्याच्या हाती असे. कोणाची किती जमीन, कोणी किती सारा भरला, कोणाकडे किती बाकी, हे सारे त्याच्या वहीत. गावात ती वही वाचणारा बहुधा दुसरा कोणी नसे. पद वंशपरंपरेचे, म्हणून ते जाण्याची भीती नाही. रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले. एखाद्या अधिकाराची मक्तेदारी घ्यावी, तीत अधिकाऱ्याची मर्जी मिळवावी आणि त्यातून जाब देण्याची जबाबदारी वजा करावी; जे उरते तो भ्रष्टाचार. कुलकर्ण्याच्या वहीला हे सूत्र लावून पाहा. वही एकाच घराण्याची, ही मक्तेदारी. काय लिहावे हे त्याच्या मनावर, ही मर्जी. जाब विचारणाऱ्याला अक्षर येत नाही, म्हणून जबाबदारी शून्य. असा कुलकर्णी स्वभावाने सज्जन निघालाच तर तो गावाचा योगायोग. व्यवस्थेत त्याला सज्जन ठेवणारे काहीही नव्हते.

जोतीरावांच्या पुढील सर्व कार्याची किल्ली येथे सापडते, असे आम्हांस वाटते. शिक्षणाकडे त्यांनी ज्ञानाचे साधन म्हणून पाहिलेच, पण लुटीविरुद्धचे शस्त्र म्हणूनही पाहिले. ज्याला वही वाचता येते त्याला फसवणे कठीण जाते.

दक्षिणा आणि शाळा

१८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणी अभ्यासला. १८४८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. समाजाच्या दडपणाखाली वडिलांनी दोघांना घराबाहेर जाण्यास सांगितले; ते गेले, पण शाळा सोडली नाही. पुढे १८५२ साली त्यांनी महार, मांग आदी जातींच्या मुलांसाठी शाळा काढली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कॅंडी यांच्या हस्ते त्यांचा सरकारी सत्कार झाला.

त्या काळातील एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना सरकारी खजिन्यातून दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात ती कमी झाली, तरी फंड राहिला. १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी अर्ज केला की, या फंडातील काही रक्कम मराठी ग्रंथनिर्मितीस द्यावी. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव आपले बहुजन साथीदार घेऊन उभे राहिले. या अर्जदारांत ब्राह्मण सुधारकही होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

स्वीडनमधील अभ्यासक बो रोथस्टाईन यांनी चांगल्या सरकारची एक कसोटी दिली आहे, ती म्हणजे निःपक्षपात. कायदा राबवताना आणि पैसा वाटताना समोरची व्यक्ती कोणाच्या नात्याची, कोणत्या जातीची, कोणाच्या ओळखीची, हे न पाहणारे सरकार चांगले. ही कसोटी दक्षिणेला लावली की दिसते ते असे : पैसा सर्वांच्या शेतसाऱ्यातून जमलेला आणि वाटप जन्मावर. येथे कोणी लाच घेतलेली नाही. सर्व काही नियमाने झाले आहे. तरीही हा भ्रष्ट कारभारच होय, कारण नियमच पक्षपाती आहे. लाच म्हणजेच भ्रष्टाचार अशी समजूत असलेल्यांनी या उदाहरणावर अवश्य विचार करावा.

दगड, चुना आणि हजेरी

शाळांसाठी पैसा लागत होता आणि जोतीरावांना कोणाच्या मेहेरबानीवर जगायचे नव्हते. त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकल्या आणि बांधकामाचे ठेके घेतले. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी हे त्यांच्या व्यवसायाचे नाव. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा ही कामे त्यांच्या नावाशी जोडली जातात. मुठा नदीवरील खडकवासल्याचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन साधारण दशकभर चालले.

सरकारी बांधकामात पैसा कोठे झिरपतो हे ठेकेदाराइतके कोणाला कळणार? मजुरांचा हजेरीपट कारकुनाच्या हातात. कामावर चाळीस माणसे आणि पटावर पन्नास नावे असली, तर दहा जणांची मजुरी कोणाच्या खिशात गेली हे साहेबाला कळत नाही. मोजमापाची वही दुसऱ्याच्या हातात. चुन्यात वाळू किती मिसळली हे भिंत उभी राहिल्यावर दिसत नाही. इंग्रज अभियंत्याला मराठी धड येत नाही, मजुराला इंग्रजी येत नाही, आणि या दोघांमधील सगळा मजकूर ज्याच्या तोंडून जातो तो मधला कामगार खरा मालक होतो. अभ्यासक याला धनी आणि मुनीम यांचा प्रश्न म्हणून ओळखतात. धन्याला दिसत नाही ते मुनिमाला दिसते, आणि या अंतरातच चोरी जगते.

बांधकाम खात्यातील या लबाड्यांवर जोतीरावांनी पद्यातूनही कोरडे ओढले. ठेकेदार असूनही त्यांनी ज्या खात्याशी आपला व्यवहार होता त्याच खात्याविरुद्ध लिहिले, ही गोष्ट लहान नाही. आजही ज्याची बिले कचेरीत अडकलेली असतात तो मनुष्य बहुधा गप्प राहतो.

आसुडातले पाणी

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे दुष्काळ आला, १८७५ साली सुपे गावापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. या साऱ्या अनुभवातून १८८३ साली शेतकऱ्याचा आसूड हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे सुरुवातीचे भाग दीनबंधु पत्रात आले; पुढील भाग छापण्याचे धैर्य मात्र आपल्याच माणसांच्या या पत्राला झाले नाही.

आसुडात शेतकऱ्याचे सरकारशी येणारे सर्व संबंध क्रमाने आले आहेत. महसुलाची कचेरी, न्यायालय, पोलीस, जंगल खाते. डोंगरातली गायराने सरकारने जंगलाच्या हद्दीत घेतल्यामुळे गरिबाच्या शेळ्या-गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यात आहे. आमच्या तालुक्यातील डोंगरवस्त्यांवरील ज्येष्ठांना ती आपलीच कैफियत वाटेल.

पाण्याचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कालव्याच्या पाण्याची पट्टी शेतकऱ्याकडून वसूल होते, पण वेळेवर आणि बेताने पाणी मिळेल याची जबाबदारी खात्यातील कोणीच घेत नाही, हे त्यांनी दाखवले. उपाय म्हणून त्यांनी सुचवले की प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी मोजून देता येईल अशा तोट्या बसवाव्यात. ही सूचना साधी दिसते, परंतु तिच्यात खोल विचार आहे. पाणी मोजले गेले की कर्मचाऱ्याची मर्जी संपते, आणि मर्जी संपली की लाचेचे कारण संपते.

या ग्रंथानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८२ साली, रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातील कालव्यांच्या कारभारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पाटबंधारे अधिकारी शेतकऱ्यांकडून आणि ठेकेदारांकडून पैसे घेतात, त्यातील वाटा वरपर्यंत पोहोचवतात, कारण चांगल्या जागी बदली मिळवण्यासाठी त्यांनाही पैसे मोजावे लागतात, असे त्यात दाखवले आहे. लाच ही एका माणसाची वाईट सवय नसून ती खालपासून वरपर्यंत जोडलेली साखळी असते, हे त्याचे सार. जोतीरावांनी गोऱ्या अधिकाऱ्याचा ऐशआराम आणि त्याच्या हाताखालच्या काळ्या कामगाराची लूट ही एकाच दोरीची दोन टोके मानली होती. वरच्याने डोळे मिटले म्हणून खालच्याचा हात चालतो.

आसुडातील ही तोटी आम्ही वेल्ह्यात राहून वाचतो, तेव्हा मन अस्वस्थ होते. पाऊस आमच्या डोंगरात पडतो, गावे आमच्या खोऱ्यातली पाण्याखाली गेली, तोट्या मात्र पुण्यात आहेत. कोणाला किती पाणी, याचा हिशेब उघड्यावर मांडला जावा, ही जोतीरावांची मागणी आजही जुनी झालेली नाही.

नगरपालिकेतील एकटे मत

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. सरकारनेच नेमलेल्या सदस्याने सरकारला रुचेल तेच बोलावे, अशी तेव्हाची रीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी १००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका घेऊन जोतीरावांनी विरोध केला. विरोधी मत त्यांचे एकट्याचेच होते.

शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून आक्षेप घेतला. दुकानांतून सरकारला उत्पन्न मिळते, पण नगरपालिका ज्या आरोग्यासाठी खर्च करते तेच त्यामुळे नासते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मोठी मंडई बांधण्यापेक्षा शिक्षणाला पैसा द्यावा, असेही त्यांचे मत होते. मंडई झालीच, आणि काळाचा न्याय असा की पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले.

सजावटीच्या पैशात कोणी चोरी करणार होते, असा जोतीरावांचा आरोप नव्हता. त्यांचा प्रश्न अधिक मूलभूत होता. खजिना ज्यांच्या घामातून भरतो, खर्च ठरवताना ते खोलीत आहेत काय? २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भरजरी पोशाखांतील पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्राला सांगितले, त्यामागे हाच प्रश्न होता.

हंटर आयोगापुढील निवेदन

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. सुशासनाच्या अभ्यासातही ते असावयास हवे. साम्राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातील पहिला मुद्दा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे.

परंतु शाळा चालवायच्या कशा, याबद्दलच्या त्यांच्या सूचना आम्हा शिक्षकांनी विशेष वाचाव्यात. शिक्षकाचा पगार किमान १२ रुपये असावा आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये, म्हणजे तो पोटासाठी लाचार राहणार नाही. शिक्षक शक्य तेथे शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील. वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी आहे. ती निदान तीन महिन्यांनी व्हावी, आणि त्याशिवाय पूर्वसूचना न देता अचानकही व्हावी. गरीब वर्गांच्या शाळांना निकालावर अनुदान देऊ नये, कारण ज्यांना मुळातच मदतीची गरज आहे तेच त्यात मागे पडतात.

पुरेसा पगार, समाजातील सर्व थरांतून आलेले कर्मचारी, अचानक तपासणी आणि दुर्बलाला शिक्षा न करणारे अनुदान. कारभार सुधारण्याविषयीच्या आजच्या चर्चेतही हीच चार सूत्रे सापडतात. जोतीरावांनी ती पुण्याच्या पेठांत आणि बांधकामाच्या जागेवर जमा केली होती.

अखेरची वर्षे आणि पुढचा वारसा

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेच्या वतीने विठ्ठलराव वंडेकर यांनी त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. एकेकाळी मोठे ठेके घेणारा हा गृहस्थ अखेरच्या दिवसांत इतक्या ओढाताणीत होता की, त्यांच्या मदतीसाठी स्नेह्यांना बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे पत्रव्यवहार करावा लागला. ज्याच्या हातून सरकारी पैसा गेला त्याच्या घरात तो राहिला नाही, याहून मोठा हिशेब कोणता? २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा विचार मात्र पुढे गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. आधुनिक नोकरशाहीचे लक्षण सांगताना मॅक्स वेबर यांनी पगारी, नेमलेला आणि नियमाने बांधलेला अधिकारी हेच सांगितले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. सरकारने दिवसरात्र राबवून घ्यायचे आणि मोबदला म्हणून तुकडाभर जमीन व गावाची भाकर द्यायची, ही पद्धत म्हणजे सरकारने स्वतः चालवलेली वेठ होती. हे वतन १९५८ च्या कायद्याने संपले. १९४६ साली बाबासाहेबांनी शूद्रांवरील आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, त्यात हे ऋणही आहे.

आपल्यापुढील प्रश्न

आता एक कठीण गोष्ट सांगणे भाग आहे. जोतीरावांच्या काळात सर्व कचेऱ्या एकाच जातीच्या हाती होत्या. म्हणून लुटीचे वर्णन करताना त्यांचा रोख त्या जातीवर राहिला. तो त्या परिस्थितीत न्याय्य होता. कचेरीत आपली माणसे गेली पाहिजेत, ही त्यांची मागणी आम्ही आजही तितक्याच आग्रहाने करतो. पण ती माणसे गेल्यावर काय झाले?

सेवेच्या सुरुवातीच्या काळात आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातील एका वसतिगृहात काम करीत होतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आमच्यासमोर हजेरीपट ठेवला गेला. घरी गेलेल्या, काही तर शाळाच सोडून गेलेल्या मुलांच्या नावांपुढे उपस्थितीच्या खुणा करावयाच्या होत्या, कारण अनुदान पटावर मिळत असे. सांगणारे आपल्याच समाजाचे होते. भिंतीवर जोतीरावांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. सगळीकडे असेच चालते, असे आम्हांस समजावण्यात आले. आम्ही खुणा केल्या आणि खाली सही केली.

त्या सहीचा अर्थ आम्हांस पुढे वाचनातून कळला. अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, जेथे भ्रष्टाचार रीत होऊन बसतो तेथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून वागतो. सगळेच करतात, मग मी एकट्याने न केल्याने काय होणार, हा विचार प्रत्येकाच्या मनात असतो. अशा ठिकाणी केवळ कडक कायदा पुरत नाही, कारण कायदा राबवणाराही तोच विचार करीत असतो. आमचा दोष या सिद्धान्ताने धुतला जात नाही. तो कसा घडला एवढेच समजते. कटगुणच्या कुलकर्ण्याची वही आणि आमच्यासमोरचा तो पट यांत फरक एवढाच की लेखणी धरणारा हात बदलला होता.

म्हणून जोतीरावांच्या सूचना एकत्रच घेतल्या पाहिजेत. आपली माणसे कचेरीत जावीत, ही पहिली. त्यांच्यावरही अचानक तपासणी असावी, ही दुसरी. पहिली स्वीकारून दुसरी विसरलो, तर आपण अर्धेच जोतीराव घेतले.

चुकीचा हिशेब केवळ पैशाचाच होतो असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. काम अपुरे असताना पावसाळ्याचे पाणी अडवले गेले होते. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि पुणे शहर बुडाले. जोतीरावांच्या काळात उभी राहिलेली भिंत सुमारे ऐंशी वर्षे टिकली होती. घाई कोणी केली, कोणाचे ऐकले गेले नाही, याची चौकशी झाली. पण वाहून गेलेले संसार चौकशीने परत येत नाहीत. जाब वेळेवर विचारला गेला पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा आमच्या खोऱ्याने तरी विसरू नये.

एका सही करणाऱ्या शिक्षकाने यावर काय करावे? एकट्याने फार थोडे करता येते. पण सत्यशोधक समाज ही एकट्याची गोष्ट नव्हती. अनेकांनी मिळून रीत बदलण्याचा तो प्रयत्न होता. त्याच विचाराने काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वर्गाचा हजेरीपट पालकसभेत मोठ्याने वाचण्यास सुरुवात केली. पहिल्या काही सभांत पालक नुसते ऐकत. मग एका सभेत डोंगरवस्तीवरून आलेल्या एका मातेने हात वर केला. आमच्या पटावर ज्या दिवशी तिचा मुलगा हजर होता, त्या दिवशी तो तापाने घरी पडला होता, असे तिने सांगितले. नजरचुकीने आम्ही खूण केली होती. आम्ही सर्वांसमोर ती खोडली, शेजारी दुरुस्तीची सही केली आणि वही तिच्या हाती दिली. तिने बोट ठेवून मुलाचे नाव शोधले, वाचले, आणि मान हलवून वही परत केली.